सुपरनोव्हाला 'अतिनवतारा' म्हणायचं का?

पोरगी नववीला आहे, शाळेत प्रोजेक्ट दिलाय, सुपरनोव्हा (म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट) आणि नव्या महादुर्बिणी, तेपण मराठीत. एका पुस्तकात 'अतिनवतारा' मिळाला, दुसरीकडं 'अतिदीप्त नवतारा'. ती म्हणते, पप्पा, तारा मरायला टेकलाय आणि त्यालाच नवा कसं म्हणायचं? मला काय सांगता येईना.

— नवा म्हणायची चूक आपली न्हवं, लॅटिन 'नोव्हा' म्हणजेच नवी. १५७२ ला खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेला शर्मिष्ठा तारकासमूहात रिकाम्या जागी तारा दिसला, त्याला वाटलं नवाच उगवला. पण ते उदाहरण प्रोजेक्टात घालू नका, तो श्वेतबटूचा, म्हणजे विझलेल्या लहान ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा स्फोट होता, अजस्र ताऱ्याचा नाही.

— माझी अडचण वेगळीये. 'सुपरनोव्हा झाला' म्हणता येतं, 'अतिनवतारा झाला' म्हटलं की कुणाला तरी बढती मिळाल्यासारखं वाटतं. घडतंय काय ते त्या शब्दात येतच नाही.

— उद्यमनगरात फौंड्री आहे माझी, म्हणून सांगतो. सूर्याच्या आठपटीच्या वरचा तारा हायड्रोजन, हेलियम, कार्बन असं जाळत जाळत शेवटी पोटात लोखंड करतो, आणि लोखंडापासनं पुढं काय ऊर्जा सुटत नाही, भट्टी गार. मग सेकंदाच्या आत गाभा खाली बसतो, पावसाळ्यात विहीर बसते तसा, आणि वरचं सगळं उधळतं. आधी बसणं, मग फुटणं. 'गाभा ढासळणे' लिहा की सरळ.

— आणि आपलं 'जाळ आणि धूर संगटच' हितं चालत नाही भावा! १९८७ ला मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा गाभा ढासळताना सुटलेले न्यूट्रिनो नावाचे बारीक कण दोन-तीन तास आधी पोचले, उजेड मागनं आला.

— दुर्बिणीचं पण लिहा, नाहीतर पोरं दवाखान्यातलं दुर्बिणीचं ऑपरेशन समजतील. चिलीत ३९ मीटर आरशाची दुर्बीण होतेय, आरसा ७९८ षटकोनी तुकडे जोडून, नळी नाही की डोळा लावायला भिंग नाही. तिथंच ८.४ मीटरची रुबिन दुर्बीण आहे, ती दर काही रात्रींनी आभाळ झाडून काढते आणि फुटलेलं हेरते, मग ३९ मीटरच्या मोठीनं त्या मिणमिणत्या उजेडाचा वर्णपट काढायचा, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करायचे, कुठलं मूलद्रव्य किती वेगानं उधळलंय ते त्यात दिसतं. मी त्या मोठीला 'महादुर्बीण'च म्हणतो, 'दूरदर्शक' म्हटलं की टीव्ही आठवतो.

— लई उपकार. तिनं 'ढासळतारा' असा स्वतःचाच शब्द काढलाय. मी म्हटलं आत काय पण लिही, शीर्षकात अतिनवताराच ठेव, बाई मार्क कापतील.