रिडेव्हलपमेंटमध्ये सोसायटीतला जुना उंबर जाणार, काय करता येईल?

कर्वेनगरवाली:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी १९७४ ची, आता रिडेव्हलपमेंटला चाललीये. मागच्या अंगाला मोठा उंबर आणि कंपाउंडला लागून काटेसावर, दोन्ही झाडं इथे शेतं होती तेव्हापासूनची असं जुने मेंबर सांगतात. बिल्डरच्या प्लॅनमध्ये नेमका तिथेच पार्किंगचा रॅम्प, आणि मीटिंगमध्ये विचारलं तर म्हणे "ट्रान्सप्लांट करू मॅडम, टेन्शन घेऊ नका". मला काही पटत नाहीये. फेब्रुवारीत सावर फुलली की भोरड्यांचा असा कल्ला असतो की गॅलरीत फोनवर बोलता येत नाही, आणि उंबराखाली गाडी लावली की सीटवर फळांचा चिकट लगदा, त्यावरून भांडणं पण झालीयेत, तरी झाड तोडा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कुणाला अनुभव आहे का?

टेकडीवाला काका:
ताई, ट्रान्सप्लांटच्या नादी लागू नका. सगळ्या फांद्या छाटायच्या, जेसीबीने मुळं तोडायची आणि नुसतं खोड कुठेतरी नेऊन उभं करायचं, पावसाळ्यात चार पानं फुटली की फोटो काढतात, पुढच्या उन्हाळ्यात बघायला कुणी फिरकत नाही. वड-उंबर त्यातल्या त्यात तग धरतात, सावरीची मला खात्री वाटत नाही.
झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष धरतात आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं लावावी लागतात. तेव्हा आधी वयाचा पुरावा गोळा करा. मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण, कुणाच्या ना कुणाच्या अल्बममध्ये मागे उंबर दिसेलच. तोडायचा अर्ज गेला की झाडावर नोटीस लावतात, हरकतीची मुदत थोडीच असते, त्यामुळे रोज येताजाता बुंध्याकडे नजर टाका.

लिफ्टची_वाट:
सगळं खरंय पण दुसरी बाजू पण बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये गुडघे गेलेली माणसं तिसऱ्या मजल्यावर चढतायत, आणि उंबराच्या मुळांनी ड्रेनेजची लाईन दोनदा फोडली, खर्च सगळ्यांनी भरला. झाडापायी प्रोजेक्ट अडवू नका एवढंच.

टेकडीवाला काका:
अहो अडवा कोण म्हणतंय? रॅम्प दुसऱ्या बाजूने काढा म्हणतोय. झाड वाचतं ते प्लॅन मंजूर व्हायच्या आधी, कागदावर. एकदा मंजुरी मिळाली की मग आपण नुसते बोर्ड धरून उभे राहतो. गणेशखिंड रस्त्याचे वड रुंदीकरणात गेले तेव्हा बघितलंय सगळं.

नदीकाठचा:
माझं आजोळ नारायण पेठेत. नदीकडे गेलं की करंज, वावळ, पाण्यालगत वाळुंज. घाटाजवळच्या उंबराची फळं आम्ही फोडून, आतल्या बारीक माश्या फुंकरीने उडवून खायचो, आजी ओरडायची. आता कळतं की त्या कीटकांशिवाय उंबरात बी धरत नाही आणि उंबराशिवाय त्यांची वीण होत नाही, दोघांचं एकमेकांवाचून अडतं.
आणि बदल्यात लावतात काय? गुलमोहोर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, टेकड्यांवर गिरिपुष्प ते मध्य अमेरिकेतलं. (चिंच पण मूळची आफ्रिकेची, पण तिला परकी म्हणायची माझी हिंमत नाही.) पर्जन्यवृक्षाची सावली छान असते, नाही कोण म्हणतं, पण हरियाल आणि तांबट तिथे खाणार काय? हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, त्याला वड-पिंपळ-उंबराची फळं लागतात. वयाइतकी रोपं लावू म्हणतात ती तरी वावळ, करंज, ताम्हण, बहावा अशी मागा, आणि कुठे लावणार ते आधी लेखी घ्या.

कर्वेनगरवाली:
थँक्यू सगळ्यांना. काका, फोटो मिळाला! शेजारच्या काकूंच्या वास्तुशांतीचा, मागे १९७५ लिहिलंय आणि उंबर तेव्हाच पहिल्या मजल्याच्या वर गेलेला दिसतोय. ड्रेनेजचं म्हणणं मात्र बरोबर आहे, लाईन मुळांपासून लांबून न्यायला सांगणार. रॅम्प पुढून काढला तर पार्किंगच्या किती जागा कमी होतात ते आर्किटेक्टकडून लिहून मागितलंय. पुढच्या रविवारी मीटिंग आहे, झाडांतलं कळणारं कुणी येऊ शकेल का? पोहे-चहा आमच्याकडे.