फ्रीस्टाईल शिकताना कोणाकोणाची कशी जिरली? खान्देशकरांनो, लिहा

केळीवाला, जळगाव

मंडळी, गेल्या डिसेंबरपासून डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ शिरलंय. सायकल आधीपासून होती, रविवारी पद्मालयपर्यंत जाऊन येतो, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत येते, म्हटलं राहिलं काय तर पोहणं, ते काय महिन्याभरात उरकेल. स्प्रिंटला, म्हणजे छोट्या ट्रायथलॉनला, ७५० मीटर तर पोहायचंय, मग २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं, म्हणजे आपल्या घरचंच काम. सकाळी सहाच्या बॅचला गेलो, भिंतीला पाय मारला, सुटलो, आणि पंधराव्या मीटरला दोरी धरून उभा! नाकात पाणी, डोळ्यांत क्लोरीन, छाती अशी धडधडतेय की पळताना शेवटच्या किलोमीटरलाही कधी धडधडली नाही. शेजारच्या लेनमध्ये सातवी-आठवीतली एक पोरगी निवांत लॅपवर लॅप मारत होती, ती थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही श्वास सोडतच नाहीये." मी मनात म्हटलं, बाई, घेताच येत नाहीये तर सोडू काय.

तीन आठवड्यांनी कळलं की पोरगी बरोबर होती. तोंड पाण्यात असताना मी श्वास कोंडून धरायचो, आणि मान वळवली की तेवढ्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा मग घ्यायचा, अशी दोन कामं करायला बघायचो. कसं जमणार? आणि जीव घाबरा होतो तो हवा संपली म्हणून नाही, आत कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. म्हणजे बाहेर टाकलं नाही तर कितीही आत घ्या, गुदमरल्यासारखंच होणार. आता तोंड पाण्यात गेलं की लगेच बुडबुडे सुरू, मोटरीसारखा घर्रर्र आवाज करत, मग मान वळवली की हवा आपोआप आत येते. पंचवीस मीटर होतात. पन्नासला अजून फाटते.

आता तुमचं लिहा. यूट्यूबच्या लिंका नकोत, तुमचं काय झालं ते सांगा.

सायकलवाला मास्तर, शिरपूर

माझी तऱ्हा उलटी. मला पोहता येत होतं हीच अडचण.

मी शिकलो मळ्यातल्या विहिरीत. वडिलांचे काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, त्यांनी पाठीला सुका भोपळा बांधला, कमरेला दोर, आणि "हात मार रे पोऱ्या, भिऊ नको" म्हणत ढकलून दिलं. आठ दिवसांनी भोपळा सुटला, महिन्याने थारोळ्यावरून सूर मारत होतो. आजही पाण्यात दोन तास राहा म्हटलं तर राहतो. पण टँकमध्ये घड्याळ लावलं तर १०० मीटरला चार मिनिटं, आणि बाहेर आल्यावर मान अशी आखडलेली की दिवसभर वर्गात फळ्याकडे वळता येईना.

मुलाने मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि एक शब्द न बोलता दाखवला. डोकं वर, छाती वर, कंबर खाली, पाय त्याच्याही खाली. अगदी नदीतून म्हैस चालली आहे तशी. तेव्हा सुचलं की विहिरीत आम्ही डोकं वर का ठेवायचो, तर काठावरून पोरं धडाधड उड्या मारायची, कोण कधी डोक्यावर पडेल नेम नाही, म्हणून नजर कायम आभाळात. तीस वर्षांची सवय ती. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट असतं म्हणतात, त्यात फळी आडवी सरकवली तर सरकते, उभी धरून ढकलली तर तुम्हीच दमता. मी उभी फळी ढकलत होतो.

सुधारायला चार महिने लागले, खोटं बोलत नाही. नवीन माणूस कोऱ्या पाटीवर लिहितो, मला आधी पाटी पुसावी लागली. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे फोमचा तरंगणारा ठोकळा, धरायचा म्हणजे कंबर वर राहते, नजर तळाच्या काळ्या पट्टीवर, आणि छाती पाण्यात किंचित दाबायची. असं वाटतं की आपण उतारावरून डोकं खाली करून चाललोय आणि आता बुडणार, पण तेव्हाच खरं तर शरीर सपाट असतं. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, फिरवायचं, एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर. ज्या दिवशी हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी टँकमध्येच हसलो आणि पाणी प्यालो. आता १०० मीटर अडीच मिनिटांत येतात, फार नाहीत, पण बाहेर आल्यावर सायकल चालवायची ताकद उरते, आणि आपल्याला तेच पाहिजे ना.

बट्टीवरण

मी सोडलं. दोन महिने प्रयत्न केला, आता डुएथलॉन करतो, पळा-सायकल-पळा, कोरडं आणि सुखाचं. बायको म्हणते मिलिंद सोमणने २०१५ ला पन्नाशीच्या तोंडावर झुरिकला पूर्ण आयर्नमॅन, म्हणजे ती लांबलचक ट्रायथलॉन, केलं, तुम्ही चाळिशीतच गळालात. तिला कोण सांगेल की तो बाबा तरुणपणी राष्ट्रीय पातळीचा पोहणारा होता. आणि एक फुकटचा सल्ला, रात्री बट्ट्या हाणून सकाळी सहाला टँकवर जाऊ नका.

भुसावळची ताई

वय ४६, पाण्यात पहिल्यांदा पाय टाकला तो दोन वर्षांपूर्वी. मे महिना, पारा ४४ च्या वर, लेडीज बॅच, निम्म्या बायका नुसत्या गार व्हायला यायच्या आणि त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. मी पुतण्याच्या नादाने आलेले, तो म्हणाला, "काकू, तुम्ही रोज दहा किलोमीटर पळता, मग ट्रायथलॉन का नाही?"

मला भीती पाण्याची नव्हती, तोंड बुडवायची होती. केस धुताना डोळ्यावर पाणी आलं तरी मी दचकते. मग घरीच सुरू केलं, कपडे भिजवायच्या टबात स्वच्छ पाणी भरायचं, गुडघ्यावर बसायचं, तोंड पाण्यात, फूऽऽ, मान उजवीकडे, श्वास, परत पाण्यात. रोज दुपारी शंभर वेळा. एक दिवस जाऊबाई मागच्या दाराने पापड मागायला आल्या, बघतात तर मी टबात तोंड घालून बसलेय, अशा किंचाळल्या की अख्खी गल्ली गोळा झाली. चारचौघांत सांगता सांगता मलाच हसू आवरेना. पण त्या टबाने काम केलं, टँकमध्ये गेल्यावर तोंडाला सवय झालेली होती.

अजून एक, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या बॅचनंतर पळणाऱ्या पुरुषांचा ग्रुप यायचा, ते बोर्ड धरून किक मारायचे आणि जागचे हलायचे नाहीत, एक जण तर चक्क मागे सरकायचा! कारण त्यांचे घोटे ताठ, पावलं फावड्यासारखी खाली वळलेली. माझी देवापुढे वज्रासनात बसायची सवय, त्यामुळे पावलं मागे सरळ होतात आणि किक लागते. किक गुडघ्यातून नाही हं, मांडीपासून. सायकल मारल्यासारखे पाय फिरवले की संपलं.

तापीकाठचा, नंदुरबार जिल्हा

टँकमध्ये २ किलोमीटर जमायला लागलं म्हणून मी वाघ झालो होतो. मग तापीच्या फुगवट्यावर ओळखीच्या कोळी दादांची होडी सोबत घेऊन उतरलो, कमरेला नारिंगी फुगा बांधून. खाली काळी पट्टी नाही, भिंत नाही, हिरवं-मातकट पाणी, स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही. दहा मिनिटं मन लावून पोहलो, वर बघतो तर होडी भलतीकडेच. दादा ओरडले, "भाऊ, कुठे निघालात, गुजरातला?" मी उजवीकडेच श्वास घ्यायचो त्यामुळे तिरकाच वळत गेलो होतो.

तिथून दोन्ही बाजूंनी श्वास शिकलो, आणि दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोरचं एक झाड बघायचं, बाकी सगळं पाण्यातच. डोकं पूर्ण काढलं की मास्तरांची म्हैस होते. आणि कृपा करून एकटे उतरू नका, पावसाळ्यात किंवा वरून पाणी सोडतात तेव्हा तर अजिबात नको.

गोव्याच्या ७०.३ ला, म्हणजे अर्ध्या आयर्नमॅनला, गेलो, २०१९ ला मिरामारवर सुरू झाली ती. समुद्रात १.९ किलोमीटर, वेळेची मर्यादा ७० मिनिटं, पाणी गरम त्यामुळे वेटसूटचा, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखाचा, तरंगता आधारही नाही. पहिल्या दोनशे मीटरमध्ये कोणाची तरी लाथ गॉगलवर बसली आणि माझा श्वासच विस्कटला, सगळं शिकलेलं विसरलो. उताणा झालो, आभाळ बघत वीस श्वास मोजले. हे चालतं बरं का, ट्रायथलॉनमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो, मदतीला असलेली छोटी होडी, कायाक, धरून थांबलं तरी चालतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. ६४ मिनिटांत बाहेर आलो. वाळूवर पाय टेकले तर चक्कर, आणि तोंडात इतकं मीठ की केळं खाल्लं तेही खारट लागलं.

लेन_नंबर_तीन, चाळीसगाव

मी १९ वर्षांचा आहे, सुट्टीत टँकवर शिकवायला मदत करतो. काका लोकांनो राग मानू नका, पण तुम्ही पहिल्या दिवशी महागडं घड्याळ, हाताला लावायची पॅडल, पायांतले फिन सगळं घेऊन येता आणि मग थेट ५०० मीटर मारायला बघता, तिसऱ्या लॅपला स्ट्रोकचा पार खिचडा होतो आणि तुम्ही तो खिचडाच पाठ करता. त्यापेक्षा २५ चे दहा मारा, मध्ये दम जाईपर्यंत थांबा. आणि जोरजोरात किक कशाला, पुढे सायकल आहे ना, दर हाताला एक हलकी किक बास.

केळीवाला, जळगाव

ताई, टबाचा प्रयोग आजच केला, आई बघून गेली आणि काही बोलली नाही, हे जास्त भयंकर होतं.

बरं, आमच्या इथला टँक पाणी कमी म्हणून जूनपर्यंत बंद झालाय, नोटीस न लावता, सकाळी बॅग घेऊन गेलो तेव्हा वॉचमनने सांगितलं. आत्ता कुठे पन्नास मीटर जमत होते हो. मास्तर, तुमच्या विहिरीवर येऊ का?

सायकलवाला मास्तर, शिरपूर

या की. पण विहीर २५ फूट रुंद आहे, चार हात मारले की भिंत. आणि डोकं पाण्यात घालून पोहू नका, भाच्या-पुतण्यांची सुट्टी लागलीये, सगळे काठावरच असतात.