ग्रीसची पहिलीच खेप असेल तर सँटोरिनी-मिकोनोस गाळा : तुमचं मत काय?

रानजाई

ओळखीत कुणाचं ग्रीसला जायचं ठरलं की माझ्याकडे नजर टाकायला येणारा बेत जवळपास एकच असतो. अथेन्स दोन रात्री, मिकोनोस दोन, सँटोरिनी तीन, परत अथेन्स एक आणि विमान. मला हा बेत पटत नाही. का पटत नाही ते एकदा नीट लिहावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: आठ-दहा दिवसांची पहिली खेप असेल तर अथेन्स करा, मग पेलोपोनीज द्वीपकल्पातलं नाफ्प्लियो गाव, आणि बेट हवंच असेल तर एकच, नाक्सोस. बास.

नाफ्प्लियो हे नाव या बेतांमध्ये मला कधी दिसत नाही आणि त्याचं वाईट वाटतं. अथेन्सच्या किफिसोस स्टँडवरून केटेलची (म्हणजे तिथली गावोगावी जाणारी बससेवा) बस दोन-अडीच तासांत तिथे पोचवते. १८२९ ते १८३४ या काळात ही स्वतंत्र ग्रीसची राजधानी होती. गावाच्या डोक्यावर व्हेनिसच्या लोकांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधलेला पालामिदी किल्ला आहे. पायऱ्या ९९९ असं सगळे सांगतात. चढायचं नसेल तर मागून गाडीरस्ता आहे. १८२२च्या नोव्हेंबरात ग्रीकांनी हा किल्ला तुर्कांकडून घेतला. पुढे नव्या राजाच्या कारभाऱ्यांनी ज्याला याच किल्ल्यात कैद करून ठेवलं तो कोलोकोट्रोनिस म्हणजे त्याच स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती. ज्यांच्या सुट्ट्या राजगड-तोरण्यावर गेल्या त्यांना तिथे काय बघायचं हे सांगावं लागत नाही. बुरुजावर पोचलं की ते स्वतःच पाण्याची टाकी आणि चोरवाट शोधायला लागतात.

खाली गावात संत स्पिरिडॉनचं अगदी लहानसं चर्च आहे. ९ ऑक्टोबर १८३१ला देशाचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याचा खून या चर्चच्या दारात झाला. दाराशेजारच्या भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपून ठेवलेली आहे. तिथे तिकीट नाही, रांग नाही. गल्लीतून जाता जाता माणूस थांबतो, वाचतो, पुढे जातो.

इथून मायसीनी आणि एपिदाव्रोस ही दोन्ही प्राचीन ठिकाणं तासाभराच्या आत. मायसीनीला सिंहद्वारातून आत शिरायचं, आणि थोडं अलीकडे ‘अॅट्रियसचा खजिना’ म्हणतात ती थडग्याची घुमटी बघायची. दारावरचा दगड शंभर टनांहून जड आहे आणि तो तिथे तेहतीसशे वर्षांच्या आसपास टिकून आहे. एपिदाव्रोसच्या नाट्यगृहाबद्दल काय लिहू! इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे आजही नाटकं होतात. नाटकवेड्या मराठी माणसाने ग्रीसला जाऊन हे टाळावं?

सँटोरिनी उणापुरा ७६ चौरस किलोमीटरचा. क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० अशी मर्यादा घालावी लागली, यावरून काय ते समजा. तिथल्या इया गावच्या सूर्यास्ताला तासभर आधी जाऊन जागा धरायची, आणि पुढे दिसतात हात वर करून धरलेले मोबाइल.

बसाल्ट

पूर्ण असहमत. गर्दी आहे म्हणून सँटोरिनी गाळा हा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

सँटोरिनी म्हणजे पांढरी घरं आणि निळे घुमट अशी समजूत झालेली आहे, आणि तुमचा आक्षेपही त्या समजुतीवरच आहे. ते बेट म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटानंतर खचलेल्या डोंगराची कड. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात मधला भाग ढासळला, समुद्र आत शिरला, आणि आज फिरा गावाच्या कठड्याशी उभं राहिलं की पायाखाली जवळजवळ ३०० मीटरचा सरळ कडा दिसतो. काळा, तांबडा, राखाडी, वर पांढऱ्या प्यूमिसचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचा, जाड थर. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण आपल्याकडे लाव्हा भेगांतून वर येऊन थरावर थर पसरत गेला. सँटोरिनीत डोंगरच फुटला. हा फरक पुस्तकात वाचून कळतो, डोळ्यांना मात्र तिथेच कळतो. मधल्या नेआ कामेनी बेटावर बोटीने जाता येतं, तिथला शेवटचा उद्रेक १९५०चा.

आणि अक्रोतिरी. १९६७मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी उत्खनन सुरू केलं आणि राखेखालून अख्खं गाव निघालं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गेलेली गटारं, मातीचे रांजण जिथे ठेवले होते तिथेच. लाकूड कुजून गेलं पण राखेत त्याचा पोकळ साचा उरला होता. त्यात प्लास्टर ओतलं तर पलंग आणि तीन पायांचं टेबल जसंच्या तसं मिळालं. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत, म्हणजे लोक आधीच्या धक्क्यांनी सावध होऊन निघून गेले असावेत. आज वर मोठं छप्पर आहे, आपण मचाणावरून चालत खालच्या गल्लीत बघतो. तुम्ही मायसीनीचं इतकं कौतुक केलंत आणि त्याहून जुनं, त्याहून शाबूत गाव वगळा म्हणता?

मिकोनोस गाळण्याला माझी हरकत नाही.

पैठणकर

रानजाई, आमचं लग्न डिसेंबरात झालंय आणि मेमध्ये जायचंय. आम्हाला किल्ला चढायचा नाही. तो कडा, ते घर, ती संध्याकाळ हेच हवंय आणि त्यासाठीच पैसे साठवलेत. ज्याला जे बघायची ओढ आहे ते त्याने बघावं. लोकप्रिय आहे म्हणून ते कमअस्सल ठरत नाही. सूर्यास्तासाठी इयाऐवजी इमेरोविग्ली किंवा दीपगृहाजवळ अक्रोतिरीच्या टोकाला जा, असं आम्हाला तिथे जाऊन आलेल्या मित्राने सांगितलंय.

म्युनिकचा मराठी

तुम्ही दोघेही लहान बेटांच्या मागे आहात. क्रेट कुणाच्याच लेखी नाही?

क्रेट ८,३०० चौरस किलोमीटरचं आहे, पूर्व-पश्चिम २६० किलोमीटर लांब. म्हणजे ते बेट म्हणून दोन दिवसांत ‘करून’ टाकायची जागाच नाही. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीचं जहाज घेतलं की सकाळी खानिया किंवा इराक्लिओ. एक रात्रीचं हॉटेलही वाचतं. खानियाचं व्हेनिशियन बंदर, क्नोसोसचा राजवाडा, इराक्लिओच्या संग्रहालयातली फाइस्तोसची तबकडी (त्यावरची लिपी आजही कुणाला सर्वमान्यपणे वाचता आलेली नाही), आणि ज्यांना चालायचंय त्यांच्यासाठी समारियाची घळ. ती १६ किलोमीटर उतरत थेट लिबियन समुद्रावर आगिया रुमेली गावात संपते. त्या गावाला गाडीरस्ता नाही, पुढे बोटीनेच जायचं. साधारण मे ते ऑक्टोबर चालू असते.

क्नोसोसबद्दल एक सांगतो. आर्थर इव्हान्सने १९००पासून खोदकाम केलं आणि पुढे बराच भाग काँक्रीट वापरून स्वतःच्या कल्पनेने उभा केला. ते लाल खांब बघताना हे माहीत असावं. माझ्या मते त्यामुळे जागेची मजा जात नाही, उलट त्यातलं मूळ किती आणि इव्हान्सचं किती हे शोधण्यात दोन तास कधी गेले कळत नाही.

युरोपात राहणाऱ्यांसाठी तर प्रश्नच नाही, उन्हाळ्यात जर्मनीच्या मोठ्या विमानतळांवरून क्रेटला थेट विमानं असतात. अथेन्सही नको, सरळ क्रेट.

रानजाई

@म्युनिकचा मराठी, अथेन्सही नको? मुंबई-पुण्याहून व्हिसा काढून, विमान बदलून येणाऱ्या माणसाने अॅक्रोपोलिस न बघता परतायचं? हे मला मुळीच पटलं नाही. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकता. इथून जाणाऱ्या बहुतेकांची ही एकच खेप असते. आणि त्यासाठीच मी म्हणतेय की त्यातले दिवस बंदरात बॅगा घेऊन बसण्यात घालवू नका.

@बसाल्ट, अक्रोतिरीचं महत्त्व मला मान्य आहे. पण तिथली सर्वांत सुंदर भित्तिचित्रं, म्हणजे वसंताचं चित्र आणि मुष्टियुद्ध खेळणारी दोन मुलं, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. मायसीनीचे सोन्याचे मुखवटेही तिथेच. सँटोरिनीला न जाताही हे बघायला मिळतं.

मुक्काम बदलण्याचा हिशोब कुणी करत नाही. सकाळी खोली सोडायची, जहाज दुपारचं, बंदर गावापासून लांब, जहाज उशिरा, पोचून पुन्हा बस. एक बेट बदललं की एक दिवस गेलाच. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटला की जलद बोटी रद्द होतात, मोठी जहाजंही कधीकधी थांबवतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर असलात तर जीव टांगणीला लागतो.

कातळशिल्प

इथे सगळे ‘कुठे’ बोलताहेत, ‘कधी’ कुणीच बोलत नाही. आणि आपल्यासाठी ‘कधी’ हे शाळा ठरवते.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. एप्रिल अखेर ते जूनची सुरुवात हा ग्रीसचा उत्तम काळ. डोंगर हिरवे, रानफुलं, ऊन सोसवणारं. समुद्र मात्र गार असतो, मुलांना पोहायचं असेल तर आधीच सांगून ठेवा. १ मेला खलाशांचा संप बहुतेक दरवर्षी असतो, त्या दिवसाचं जहाज धरू नका. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७मध्ये २ मेला आहे, त्या आठवड्यात अख्खा देश गावाकडे निघालेला असतो, त्यामुळे तिकिटं फार आधी काढा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर बेटांचा विचार सोडा. ऑक्टोबर संपला की लहान बेटांवरची बरीच हॉटेलं बंद होतात, जहाजं कमी होतात. तेव्हा रानजाईंचा नाफ्प्लियो बरोबर आहे, किंवा देल्फीचे प्राचीन अवशेष आणि मेतेओराचे कड्यांवरचे मठ, किंवा उत्तरेतलं थेस्सालोनिकी शहर. थेस्सालोनिकीहून वेर्गिनाला जरूर जा. अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याची मानली जाणारी कबर १९७७मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना तिथे सापडली. मातीचा ढिगारा तसाच ठेवून त्याच्या पोटात संग्रहालय केलंय. सोन्याच्या पेटीवरचा सोळा किरणांचा तारा अंधारात एकट्या दिव्याखाली ठेवलाय.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत अॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं. विदर्भातल्यांना ऊन नवीन नाही, पण संगमरवरावर सावलीचा पत्ता नसतो.

आजोळ

मला पडलेल्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. बरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील तर? आईचे गुडघे दुखतात, दोघं पूर्ण शाकाहारी. मी शेवटी गटाच्या टूरने पाठवायचं म्हणतेय. स्वतः आखलेल्या सहली चाळिशीतल्यांना ठीक आहेत हो. म्हाताऱ्या माणसांना बॅग उचलायला माणूस लागतो, दारात बस लागते.

सुगरणीचा खोपा

आजोळताई, जेवणाची काळजी अजिबात करू नका. युरोपात शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत असा देश विचाराल तर मी ग्रीसच सांगेन. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास भरपूर, त्यामुळे मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ घरोघरी होतात. ‘नीस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, हा शब्द लिहूनच द्या आईंना. पण मासा खात नसाल तर तेही वेगळं सांगा, कारण शिंपले-कालवं उपासाला चालतात.

टॅव्हर्नात ‘लादेरा’ विचारायचं, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. टोमॅटोतली भेंडी, फरसबी. मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांचे ‘गिगांतेस’ टोमॅटोत भाजून येतात. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, केपर आणि तेलाची धार. लिंबू पिळून कालवलं की आई खूश होतील. उकडलेला रानपाला ‘होर्ता’ नावाने मिळतो. फक्त भरलेल्या टोमॅटो-मिरचीत कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्या. सर्वांत चांगला फावा सँटोरिनीचा, हेही जाता जाता सांगते.

रानजाई

@आजोळ, तुमचं बरोबर आहे, आईवडिलांसाठी दारात बस हवीच. पण टूरच्या पत्रकात रोज वेगळं गाव असेल तर ती त्यांच्यासाठी जास्त दमवणारी आहे. त्यापेक्षा अथेन्समध्ये मेट्रोजवळ लिफ्ट असलेल्या हॉटेलात सलग मुक्काम ठेवा. देल्फी बसने अडीच-तीन तासांवर, एका दिवसात जाऊन येता येतं, पण जागा डोंगरउतारावर आहे. आई खालच्या संग्रहालयात सारथ्याचा कांस्यपुतळा बघत थांबल्या तरी सार्थक. अॅक्रोपोलिसला आता वेळेचं तिकीट घ्यावं लागतं, सकाळी पहिलीच वेळ घ्या. गुडघ्यांसाठी वर लिफ्ट आहे, पण ती हालचाल कमी असलेल्यांसाठीच राखलेली असते, आधी फोन करून विचारा. मेतेओराला मठांच्या पायऱ्या शेकड्यांनी आहेत. सुरू असलेल्या सहा मठांपैकी संत स्तेफानोसला छोटा पूल ओलांडून सरळ आत जाता येतं, तेवढा एक धरा. आणि सँटोरिनी आईंना नकोच, तिथे घरातून रस्त्यावर यायलाही पायऱ्या.

बसाल्ट

आईवडिलांच्या बाबतीत मान्य. बाकी माझं मत तेच. संग्रहालयात चित्र बघणं वेगळं आणि ज्या खोलीच्या भिंतीवर ते होतं ती खोली बघणं वेगळं.

@पैठणकर, तुम्ही जरूर जा. एक मात्र करा, फेब्रुवारी २०२५मध्ये सँटोरिनी आणि आमोर्गोसच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले होते आणि हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले होते. तेव्हा विमा आणि रद्द करता येणारी खोली दोन्ही घ्या. क्रूझची जहाजं बहुधा सकाळी लागतात आणि संध्याकाळी निघतात. तुम्ही मुक्कामाला आहात, म्हणजे सकाळी आठच्या आत निघून फिरा गावापासून इयापर्यंत कड्यावरून चालत जा. दहा किलोमीटर आहे, वाटेत सगळा खचलेला ज्वालामुखी डाव्या हाताला असतो. दुपारी गर्दीच्या वेळी अक्रोतिरीच्या छपराखाली. पाणी बरोबर घ्या, वाटेत सावली नाही.

पैठणकर

धन्यवाद बसाल्ट, हे लिहून ठेवलं. रानजाई, आमचा बेत आता असा: अथेन्स, सँटोरिनी चार रात्री, मिकोनोस रद्द, आणि परतीच्या आधीच्या दोन रात्री नाफ्प्लियो. नाफ्प्लियोहून विमानतळावर सकाळी नऊपर्यंत पोचता येईल का?

रानजाई

नाही, त्या धावपळीत पडू नका. केटेलची बस किफिसोसला सोडते, तिथून विमानतळाची एक्स ९३ बस वेगळी. शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा. म्हणजे सँटोरिनी तीन रात्री, नाफ्प्लियो दोन, शेवटची अथेन्स.