गावचा संघ सारखा हरत असेल तर तिकीट काढावं का? (व्हाइट सॉक्स)

साउथसाइडकर
२०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ सामने हरले. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका सीझनला इतके सामने कुणीच हरलेलं नाही. न्यूयॉर्क मेट्स १९६२ मध्ये १२० वर थांबले होते, आणि त्यांचं तर ते पहिलंच वर्ष! आमच्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ सामने घालवले, मग मॅनेजरची हकालपट्टी झाली. तरी मी जात राहिलो. नेपरविलच्या (शिकागोचं उपनगर) आमच्या मराठी कंपूत यावरून माझी यथेच्छ टिंगल होते, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. जावं. बेसबॉल म्हणजे सणासुदीचा खेळ नव्हे, एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोजचा रतीब. त्याच भिकार सीझनमध्ये गॅरेट क्रोशे नावाच्या डावखुऱ्या पिचरने (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने) १४६ इनिंगमध्ये २०९ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं. तो टाकायला लागला की समोरचा संघ कोण, आपण तळाला आहोत का, काही डोक्यात येत नाही. सामना नाहीच रंगला तर एलोतेचा ठेला आहे. मक्याचे दाणे कणसावरून सुरीने उतरवतात आणि वर मेयो, चीज, तिखट, लिंबू. (मेयोबद्दल माझ्यातला सातारकर अजून साशंक आहे.)

हिशेबनीस
साउथसाइडकर, क्रोशेचं कौतुक मान्य. पण त्याच डिसेंबरात त्याला बॉस्टनला देऊन टाकला, ते लिहायला विसरलात. तुमच्या तिकिटाचा पैसा गेला कुठे?

जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालकांचे म्होरके आहेत. १९८८ मध्ये संघ फ्लोरिडाला नेण्याची धमकी दिली, तेव्हा इलिनॉयच्या विधिमंडळाने ऐन मध्यरात्री नव्या स्टेडियमला मंजुरी दिली. १९९१ मध्ये ते सरकारी पैशातून उभं राहिलं. २०२४ मध्ये, म्हणजे संघ गटांगळ्या खात असताना, आणखी एका नव्या स्टेडियमसाठी पुन्हा सरकारकडे झोळी! इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाचे तीन संघ खालच्या साखळीत जातात, त्यामुळे मालकाला चटका बसतो. इथे १२१ हरा नाहीतर १४१, पुढच्या एप्रिलला जागा शाबूत. मालकाला शिक्षा करू शकेल अशी एकच गोष्ट आहे, रिकामी खुर्ची. तुम्ही तीच भरताय.

मुठाकाठचा
तुमचा संघ निदान आहे हो. आमचे पुणे वॉरियर्स आयपीएलमध्ये २०११ ला आले, हरत राहिले आणि २०१३ नंतर गायबच झाले. बहिष्कार घालायला तरी संघ लागतो :)

अनघा_आर
२४ सप्टेंबरला मी स्टेडियमवर होते. तेव्हा १२० पराभव झाले होते. बरेच लोक १२१वा 'याचि देही' बघायला आले होते हे उघड होतं. एंजल्सविरुद्ध आठव्या इनिंगपर्यंत आपण मागे, आणि "संघ विका"च्या घोषणा. मग अचानक तीन रन झाले. आमच्या पुढच्या रांगेतले आजोबा, जे तासभर घोषणा देत होते, ते उठून नाचायला लागले आणि नाचता नाचता पुन्हा "संघ विका"! ३-२ ने जिंकलो. पुढचे दोन्ही दिवसही जिंकलो, आणि १२१व्या पराभवाचा विक्रम शेवटी डेट्रॉइटला झाला, तोही तिथले टायगर्स प्लेऑफमध्ये गेले त्याच रात्री.

हिशेबनीस, घरी बसलेल्याचा निषेध टीव्हीवर ऐकू येत नाही. तो ऐकवायलाही तिकीट लागतं.

हिशेबनीस
अनघाताई, पार्किंग, बिअर आणि स्टेडियममधल्या त्या गाजलेल्या कॅम्पफायर मिल्कशेकचे पैसे भरून दिलेल्या घोषणा कोणत्याही मालकाला गोडच लागतील.

ढगातला_चेंडू
मी कब्जवाला (शिकागोचाच दुसरा संघ), तेव्हा आधीच शिव्या खायला तयार आहे. जरा दम धरा. ह्यूस्टनचे ॲस्ट्रोज २०१३ ला १११ हरले आणि २०१७ ला जगज्जेते झाले. आमचे कब्ज २०१२ ला १०१ हरले, २०१६ ला जेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. आधी हरायचं, पोरं गोळा करायची, मग जिंकायचं, हा आताचा रिवाजच आहे.

साउथसाइडकर
@ढगातला_चेंडू, या मुद्द्यावर मी हिशेबनीसांच्या बाजूला. हा प्रयोग आमच्याकडे आधीच झालाय! २०१६ च्या डिसेंबरात क्रिस सेल हा आमचा स्टार पिचर दुसऱ्या संघाला देऊन सुरुवात केली, तीन-चार वर्षं "थोडं थांबा" ऐकलं. त्याचं फळ म्हणजे २०२१ चे ९३ विजय आणि ॲस्ट्रोजकडून प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत गच्छंती. २०२३ ला १०१ हरलो, मग १२१. वर बक्षीस काय, तर २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या पाळीत) दहावा नंबर. मोठ्या बाजारपेठेच्या संघाला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला (पहिल्या काही निवडींच्या सोडतीतला) नंबर मिळत नाही असा नियम आहे. म्हणजे हरून पोरं गोळा करायची सोयही आम्हाला धड नाही.

तरी जाणार. मी मालकाचा संघ बघायला जात नाही, माझा बघायला जातो.

हिशेबनीस
सातबारा कुणाच्या नावावर आहे ते एकदा बघून घ्या.

अनघा_आर
२०२५ ला ६० जिंकले, आदल्या वर्षापेक्षा १९ जास्त. शिवाय त्याच वर्षी निवडले गेलेले पोप लिओ आपलेच, सॉक्सवाले निघाले, २००५ च्या वर्ल्ड सिरीजला (अंतिम मालिकेला) प्रेक्षकांत बसलेले! हिशेबनीस, एक तिकीट जास्तीचं काढून ठेवू का?

हिशेबनीस
६० जिंकले म्हणजे १०२ हरले. पोप येऊनही शंभरी चुकली नाही. तिकीट नको, एलोते मात्र पार्सल आणा. मेयो जास्त.