फोन कोणता घेऊ? गुरुवारपर्यंत सांगा (मंडळाचं सिम माझ्याकडे आहे)

प्रेषक: वृंदा (कार्यवाह)
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

पडद्यावरच्या हिरव्या रेघेच्या आता दोन झाल्या. आज राखी बांधल्यावर दादाचा फोटो काढला तर डाव्या बाजूचा दादा दिसतच नाही. नवा फोन घेणं भाग आहे. घरचा प्रश्न घरी मिटवला असता, पण मंडळाचं सिम याच फोनात, म्हणून इथे विचारते.

पर्याय दोन. सौरभ १७ तारखेला न्यू जर्सीहून येतोय, तो आयफोन १६ आणतो म्हणतो. तिकडे ७९९ डॉलर, वर त्यांच्या राज्याचा ६.६२५ टक्के कर, म्हणजे ८५२ च्या आसपास. डॉलर ८७ धरला तर ७४ हजार. आपल्याकडे गेल्या सप्टेंबरात तो आला तेव्हा ७९,९०० होता. दुसरा पर्याय आपल्या इंदूरच्या जेल रोडवरून सॅमसंग एस २४. दुकानात दोन्ही हातात घेऊन पाहिले. वजनात फरक कळत नाही (१७० ग्रॅम आणि १६७).

मला हवंय ते एवढंच. माझा नंबर आणि मंडळाचा नंबर एकाच फोनात, व्हॉट्सॲप दोन्हींची वेगळी, आणि वर्गणीच्या पावत्या घरच्या फोटोंत मिसळायला नकोत. मागच्या वर्षी सुदामा नगरच्या काकांना पावतीऐवजी आमच्या मांजरीच्या टाक्यांचा फोटो गेला, तो विषय अजून निघतो. ऑफिसचा मेल दोन्हींत चालतो, त्याची काळजी नाही.

२७ ला स्थापना, १९ पासून वर्गणीची फेरी. सौरभला गुरुवारी दुकानात जायचंय.

वृंदा

---

प्रेषक: विलास (कोषाध्यक्ष)
शनिवार, ९ ऑगस्ट, रात्री १०.४०

वृंदाताई,

फोन आपण कोणताही घ्या, तो आपला खासगी प्रश्न आहे. माझा प्रश्न असा की मंडळाच्या बँक खात्याचा ओटीपी कार्यवाहांच्या खासगी फोनवर का यावा? एप्रिलच्या सभेत मी हा मुद्दा मांडला होता. इतिवृत्तात तो आलेला नाही.

विलास

---

प्रेषक: सौरभ
शनिवार, ९ ऑगस्ट, रात्री ११.०५

आई, एक सांगायचं राहिलं. इथे विकतात त्या आयफोनला १४ पासून सिमचा खणच नाही. नुसतं ई-सिम, म्हणजे हातात धरायचं सिमच नाही, कंपनी ते फोनात उतरवते. भारतात घेतलेल्या आयफोन १६ ला एक नॅनो सिमचा खण असतो आणि दुसरा नंबर ई-सिमवर टाकतात. इथल्याला तो एक खणही नाही.

पण अडत काही नाही. एकावेळी दोन ई-सिम चालू राहतात आणि आठ किंवा त्याहून जास्त फोनात साठवता येतात. तुझा नंबर आणि मंडळाचा, दोन्ही ई-सिम करून घे. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघंही देतात.

चार्जर डब्यात येत नाही, माझ्याकडे जास्तीचा आहे.

---

प्रेषक: आप्पा (रामबाग)
रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ६.२०

सौरभ, "मंडळाचा नंबर ई-सिम करून घे" हे तू सहज लिहून गेलास. तू लहान होतास, तुझा दोष नाही.

ते सिम नानांनी घेतलं तेव्हा ते नखाएवढं नव्हतं, जुन्या मोठ्या मापाचं होतं. पुढे कार्यवाह बदलले, फोन बदलले, तेव्हा ते कापून मायक्रो केलं आणि नंतर आणखी कापून नॅनो. दोन्ही वेळा कात्री माझी होती. दुसऱ्या वेळी हात जरा हलला. एक कोपरा तिरका आहे तो त्यामुळे. पण सिम चालतंय.

वार्षिक सभा झाली की जुने कार्यवाह नव्यांच्या हातात डबी देतात. स्टीलची कुंकवाची डबी आहे, झाकणावर मोर. आत कापूस, कापसावर सिम आणि खण उघडायची पिन. पेढा देतात, डबी देतात आणि मग टाळ्या वाजतात. वृंदा, तुलाही तशीच दिली होती. आठवत असेल.

आता मला सांगा, ई-सिम डबीत कसं ठेवायचं?

आप्पा

---

प्रेषक: माधवी (सुदामा नगर)
रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ८.५०

वृंदा, फोन घेताना मराठी टाइप करून बघ. मुख्य म्हणजे "ऱ्य". कोजागिरीच्या निमंत्रणात "दुसर्या दिवशी" गेलं होतं आणि पुण्याहून नानांचा फोन आला होता. इंग्रजी अक्षरांनी टाइप करताना "दर्या" म्हणजे समुद्र हवा की "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, हे यंत्राला कळत नाही. आपल्यालाच वरच्या पट्टीतून निवडावं लागतं. आयफोनला मराठी धड येत नव्हतं असं म्हणायचे, पण माझ्या भाचीच्या फोनात आता इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटतं. गुगलचा कळफलक, जीबोर्ड, दोन्हींत टाकता येतो.

हिंदी कळफलक ठेवू नकोस. "टिळक"चं "टिलक" होतं आणि मग आपल्याच लोकांकडून बोलणी खावी लागतात.

---

प्रेषक: शिरीष (लोकमान्य नगर)
रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ९.३५

ऱ्य नंतर बघू. खरी अडचण कोणी लिहिली नाही.

साधं सिम ई-सिम करायचं तर ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याने अर्ज करायचा. मंडळाचं सिम मंडळाच्या नावावर नाही, नानांच्या नावावर आहे. नाना होते तेव्हा हे चाललं. आता कोण सही करणार?

दुसरं, सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक थांबावी म्हणून दूरसंचार विभागाने नियम केलाय. आणि नव्या फोनात यूपीआय सुरू करताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. म्हणजे सौरभ १७ ला आला, १८ ला ई-सिम केलं, तर १९ ला फेरीच्या दिवशी आपण हात चोळत बसणार. टेबलावरचा लॅमिनेट केलेला क्यूआर चालेल, पैसे थेट खात्यात जातात, त्याला फोन लागत नाही. पण आले की नाही ते कोण बघणार?

तिसरं व्हॉट्सॲप. वृंदाताईंच्या सध्याच्या फोनातला बॅकअप गुगल ड्राइव्हवर आहे, तो आयफोनवर उघडत नाही. मूव्ह टू आयओएस हे ॲपलचं ॲप वापरून जुन्यातून नव्यात गप्पा नेता येतात, पण आयफोन कोरा हवा, पहिल्यांदा सुरू करतानाच ते करायचं. आधी वापरून बघितला आणि मग आठवलं, तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. सॅमसंगमध्ये ही कटकट नाही. जुना बॅकअप थेट उतरतो.

शिरीष

---

प्रेषक: विलास (कोषाध्यक्ष)
रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ९.५०

"पैसे आले की नाही ते कोण बघणार?" याचं उत्तर: कोषाध्यक्ष. पासबुक माझ्याकडे असतं.

---

प्रेषक: नाना (कोथरूड)
रविवार, १० ऑगस्ट, दुपारी १२.१५

चि. शिरीष,

"नाना होते तेव्हा" हे सूनबाईने मोठ्याने वाचलं आणि घरात क्षणभर शांतता पसरली. मी आहे. गुडघा सोडला तर उत्तम आहे.

सही करतो, पण त्यासाठी कंपनीच्या दुकानात जायचं तर रिक्षा करावी लागेल. आधार अजून इंदूरच्या पत्त्याचं आहे आणि तसंच राहील. मुलगा बदल म्हणून मागे लागलाय.

माधवी, "दुसर्या" कोजागिरीला नव्हतं, शारदोत्सवाला होतं. कोजागिरीला "मसाले दूध" दोन शब्दांत गेलं होतं.

नाना

---

प्रेषक: माई
रविवार, १० ऑगस्ट, दुपारी २.०५

वृंदे,

तुला एक अनुभवाचं सांगते. माझ्याकडे बोट लावून उघडणारा फोन आहे. मोदकांची उकड मळताना फोन वाजला, हाताला तेल-पाणी, बोट लावलं तर म्हणतो पुन्हा प्रयत्न करा. पदराला पुसून तीनदा केलं. तोवर नारळवाल्याने फोन ठेवून दिला आणि शंभर नारळ दुसऱ्या मंडळाला गेले. लेकीचा आयफोन नुसतं तोंड बघून उघडतो. पण ती चष्मा काढून, केस बांधून बसली तरी तिला ओळखतो, हे मला जरा बरं वाटत नाही.

सौरभ आला की डिंकाचे लाडू न्यायला पाठव.

माई

---

प्रेषक: सौरभ
रविवार, १० ऑगस्ट, रात्री ८.३०

माई, येतो.

शिरीषदादा, तुमचं पटलं. मग असं करता येईल का? मंडळाचं सिम एखाद्या साध्या अँड्रॉइडमध्ये टाकून तो फोन कार्यालयातच ठेवायचा. व्हॉट्सॲप चार उपकरणांना जोडता येतं. आई तिच्या आयफोनवर स्वतःचं व्हॉट्सॲप ठेवेल आणि मंडळाचंही जोडून घेईल. दोन्ही वेगळी. सिम डबीवालं तसंच राहील, आप्पाआजोबांना त्रास नाही. पुढच्या वर्षी नवा कार्यवाह आला की आईचं जोडणं काढायचं, त्याचं जोडायचं.

एकच अट, मूळ फोन १४ दिवसांत एकदा तरी उघडायला हवा, नाहीतर जोडलेले सगळे बाहेर पडतात.

---

प्रेषक: शिरीष (लोकमान्य नगर)
रविवार, १० ऑगस्ट, रात्री ९.१०

कल्पना चांगली. पण कार्यालयातला फोन चार्ज कोण करणार? कार्यालय रविवारी पोह्यांपुरतं उघडतं, आणि ओटीपी मंगळवारी दुपारी येतो.

---

प्रेषक: विलास (कोषाध्यक्ष)
रविवार, १० ऑगस्ट, रात्री ९.१४

तो फोन माझ्याकडे ठेवावा.

---

प्रेषक: आप्पा (रामबाग)
सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ६.१०

कार्यालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. नानांनी दिलेली आहे. फोन ठेवायचाच असेल तर कपाटात राहील, आणि कपाट कधी उघडायचं ते मी सांगेन.

---

प्रेषक: माधवी (सुदामा नगर)
सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी १०.२५

नाना, शारदोत्सवाचं निमंत्रण मीच टाइप केलं होतं, त्यात "दुसऱ्या" बरोबर होतं. माझ्याकडे प्रत आहे. मसाले दुधाचं तुमचं म्हणणं मान्य.

---

प्रेषक: वृंदा (कार्यवाह)
सोमवार, ११ ऑगस्ट, रात्री ९.५५

मंडळी,

गुरुवारपर्यंत थांबले नाही. दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, छोटूला भाव करायला बरोबर घेतलं आणि जेल रोडला गेले. एस २४ घेतला. सौरभला हात हलवत ये म्हटलंय. तो म्हणतो सप्टेंबरात नवा आयफोन येईल, तेव्हा जुना उतरेल, थांब. मला २७ ला गणपती बसवायचाय, सप्टेंबर नाही.

का घेतला ते सांगते. दोन्ही सिमं उचलून बसवली, काही कापावं लागलं नाही. आप्पा, तिरक्या कोपऱ्याचं सिम बघून दुकानातला मुलगा हसला, पण ते पहिल्या फटक्यात पकडलं. व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती एकाच ॲपमध्ये उघडली, वर नाव दाबलं की इकडची तिकडे. जुन्या गप्पा दीड तासात उतरल्या. पावत्यांसाठी सिक्युअर फोल्डर केलाय, त्याला कुलूप वेगळं आणि गॅलरी वेगळी, मांजर पलीकडे. सात वर्षं अपडेट देतात, फोन जानेवारी २०२४ मध्ये आला म्हणजे २०३१ पर्यंत. तोवर मी कार्यवाह नसेन.

बॅटरी ४००० एमएएचची आहे, फेरीच्या दिवशी बरोबर पॉवर बँक ठेवेन. "दुसऱ्या", "दऱ्याखोऱ्या", "टिळक" तिन्ही दुकानात टाइप करून पाहिलं, माधवी.

विलासराव, ओटीपी सध्या माझ्याकडेच येईल. बँकेतला नंबर बदलायचा तर अध्यक्षांची सही लागते आणि ते बद्रीनाथला गेलेत. परत आले की सभेत घ्या, इतिवृत्त मीच लिहिते, या वेळी येईल.

नाना, रिक्षा करू नका.

सिम काढताना पिन मिळेना. कानातल्याच्या दांडीने काढलं. आप्पा, डबीतली पिन तुमच्याकडे राहिली आहे का? डबीही बघा, एप्रिलनंतर माझ्याकडे आलेली नाही.

वृंदा

---

प्रेषक: विलास (कोषाध्यक्ष)
सोमवार, ११ ऑगस्ट, रात्री १०.०२

बिल मंडळाच्या नावे केलेलं नाही ना?

---

प्रेषक: आप्पा (रामबाग)
मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी ६.०५

डबी कपाटात आहे. पिन त्यात नाही. कापूस आहे. पिन विलासने त्याच्या फोनाला नेली होती, होळीच्या आसपास.