आधी लाइन, मग क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू; ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, आणि त्यातला निवडीचा एकेक हक्क म्हणजे पिक. "काहीही करून पहिला पिक मिळवा, क्वार्टरबॅक आला की बाकीचं आपोआप जुळतं," हे मत मला अजिबात पटत नाही. कॅरोलायना पँथर्सनी 2023 मध्ये नेमकं हेच केलं. ब्राइस यंग या क्वार्टरबॅकसाठी शिकागो संघाला डीजे मूरसारखा रिसीव्हर दिला, वर दोन फर्स्ट राउंड आणि दोन सेकंड राउंड पिक्स. म्हणजे पोराने ज्याच्याकडे चेंडू फेकायचा, तोच विकून टाकला! लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी) कच्ची, त्यामुळे पहिल्याच सीझनमध्ये त्याला 62 सॅक (चेंडू फेकण्याआधीच पाडलं जाणं) सोसावे लागले. संघाचे 2 विजय, 15 पराभव, कोच फ्रँक राइखला 11 सामन्यांनंतर नारळ. शिवाय दिलेला 2024 चा पिक पहिल्या क्रमांकाचा निघाला, तो शिकागोने क्वार्टरबॅक केलेब विल्यम्ससाठी वापरला.

कॅन्सस सिटीनेही 2017 मध्ये मोठा सौदा करून ड्राफ्टमध्ये 27 वरून 10 वर उडी मारली होती, पण घरात अनुभवी क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ होता, कोच अँडी रीड होता. त्यामुळे निवडलेल्या क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला जवळपास वर्षभर बाहेर बसून शिकता आलं. ग्रीन बे संघाने तर क्वार्टरबॅक एरन रॉजर्सला तीन सीझन थांबवलं, पुढे जॉर्डन लव्हलाही.

म्हणून माझं म्हणणं, आधी लाइन आणि कोच पक्के करा. तोवर एखादा अनुभवी क्वार्टरबॅक दोन वर्षांच्या करारावर आणा. क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्डला सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, पण 2024 मध्ये मिनेसोटाने त्याच्यासोबत 14 सामने जिंकले. आणि दर ड्राफ्टमध्ये मधल्या फेरीत एक तरी क्वार्टरबॅक घ्याच, गरज नसली तरी.