‘केप्ट बॅक’ पॅकेजेसचं काय करायचं?

प्रश्न: उबुंटू २२.०४ (लिनक्स प्रणाली) वर ‘सुडो एपीटी अपग्रेड’ ही अपडेटची कमांड दिली तरी चार पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) ‘केप्ट बॅक’ म्हणून मागेच राहतात. जबरदस्तीने टाकू का?

उत्तर १: नको! उबुंटू बरेच अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. तुमच्या मशीनची पाळी आली की आपोआप येतील. ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, ‘फेज्ड’ टक्केवारी, म्हणजे अपडेट किती टक्के मशीन्सना सोडलंय ते, दिसेल.

उत्तर २: टक्केवारी दिसली नाही तर ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ बघा, कुणीतरी पॅकेज अडवून ठेवलेलं असू शकतं. तेही नसेल तर अवलंबित्व (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस) बदललंय. ‘अपग्रेड’ बसवलेलं पॅकेज कधीच काढत नाही, ‘फुल-अपग्रेड’ काढू शकतं. म्हणून आधी ‘एपीटी -एस फुल-अपग्रेड’ने, प्रत्यक्षात काही न बदलता, रंगीत तालीम करा आणि काढायची यादी नीट वाचा. डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज त्यात दिसलं तर तिथेच थांबा.